कारवी फुलली का? गोव्यातल्या कारवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या आधी पंधरा दिवस माझा फोन दोन कारणांसाठी वाजतो. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात त्या मंडपीसाठी, कांगलां आणि कवंडळं ही रानफळं कुठे मिळतील, हे विचारायला पणजी-मडगावचे नातेवाईक फोन करतात. बाकीचे सगळे विचारतात, "कारवी फुलली का?" डोंगरउतारावरची ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, म्हणून एवढी चौकशी. मी केरी-सत्तरीत राहते, शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांना डोंगरावर नेते, एवढाच माझा अधिकार. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही लांबली आहेत. जिथे फार बोलण्यासारखं नव्हतं तिथे दोन ओळींत आटोपलं आहे.

कारवी म्हणजे झाड की झुडूप?

झुडूप. पण उंचीला माणसाच्या दुप्पट-तिप्पट जाणारं. अबोली, कोरांटी आणि अडुळसा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. म्हणजे आपल्या बायका फातीत (गजऱ्यात) माळतात त्या अबोलीची ही रानात राहिलेली चुलत बहीण. खोड काठीसारखं सरळ, पानं मोठी, समोरासमोर आलेली, कडेला दातेरी आणि हाताला खरखरीत. कारवी एकटीदुकटी क्वचितच दिसते. डोंगराचा अख्खा उतार व्यापून उभी असते, आणि तिच्या आत शिरलं की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात हिरवीगार, आणि पाऊस सरला की पानं गळून नुसत्या काठ्या. एप्रिल-मेमध्ये पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सगळं रान मेलंय. तसं काही नसतं. जूनमध्ये त्याच काठ्यांना पुन्हा पालवी फुटते.

शास्त्रीय नाव काय?

स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. नेस नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये तिचं वर्णन केलं. स्ट्रोबिलँथिस म्हणजे शंकूसारख्या फुलोऱ्याची. कळ्यांचा तुरा हातात धरून पाहा, नाव पटेल. पुढे १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प या डच शास्त्रज्ञाने तिच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं 'कार्व्हिया', आपल्या 'कारवी'वरूनच घेतलेलं. जुन्या पुस्तकांत आणि काही फलकांवर अजून 'कार्व्हिया कॅलोसा' असं दिसेल. झुडूप तेच.

ती फक्त गोव्यातच होते का?

नाही. गुजरातच्या डांगापासून महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीत आणि मध्य प्रदेशाच्या सातपुडा भागात होते. पण जगाच्या नकाशावर बोट ठेवायचं तर मुख्यतः एवढीच पट्टी. 

सात वर्षांनी फुलते की आठ? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोघंही बरोबर सांगतात, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करतात.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०००, २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली. म्हणजे दोन फुलोऱ्यांमध्ये आठ वर्षांचं अंतर. आता २०१६ च्या फुलांचं काय झालं ते पाहा. फुलं पावसाच्या शेवटी आली, बोंडं धरली, ती २०१७ च्या उन्हाळ्यात वाळली, त्या जूनच्या पावसात फुटली आणि बी मातीत पडलं. रोप उगवलं ते २०१७ मध्ये. त्याने २०१७ पासून २०२३ पर्यंत सात पावसाळे नुसती पानं काढली आणि आठव्या पावसाळ्यात, २०२४ मध्ये, फुलं दिली. रोपाचं वय मोजणारा म्हणतो सात पूर्ण. फुलोरा मोजणारा म्हणतो आठ. भांडायचं कारण नाही.

शाळेत मी हे फळ्यावर मांडून दाखवते आणि तरीही दरवर्षी एक तरी मुलगा विचारतोच, "मग टीचर, आमी सात बरोवपाचें काय आठ?" म्हणजे, सात लिहायचं की आठ?

मग गोव्यात यंदा फुलणार का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. मुंबईची वर्षं वाचून लोक गोव्यात गाडी घेऊन येतात. प्रत्येक डोंगराचा हिशोब स्वतःचा असतो. एका उताराची कारवी यंदा फुलेल आणि दरीपलीकडची आणखी तीन वर्षं ढिम्म उभी राहील, असं होऊ शकतं. ज्या वर्षी त्या उतारावरचं बी रुजलं, तिथून त्या उताराचं घड्याळ चालू झालं.

म्हणून इंटरनेटवर शोधू नका, त्या डोंगराखालच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, पण "धाकट्याच्या बारशाला वयला दोंगर निळो जाल्लो" हे ठाऊक होतं. धाकट्या काकांचं वय शाळेच्या दाखल्यावर होतं. तेवढ्यावरून आम्ही घरामागच्या डोंगराची सगळी वर्षं बसवली आणि ती जुळली.

आणखी एक खूण. फुलायच्या वर्षी ऑगस्टच्या सुमाराला फांद्यांच्या टोकांना हिरव्या पुड्यांचे तुरे दिसायला लागतात, एकावर एक रचलेले, हात लावला की चिकट. ते दिसले की समजायचं, यंदा आहे. नुसतीच पानं असली तर घरी परत.

अधूनमधून एखादं झुडूप वर्षभर आधी किंवा नंतर फुलतं. लग्नाच्या तारखेची गफलत करून आदल्या दिवशी मांडवात पोचलेल्या पाहुण्यासारखं. तेवढ्यावर 'कारवी फुलली' म्हणून फोटो टाकू नका, माझा फोन बंद पडतो.

सगळी एकदमच का फुलते? दरवर्षी थोडी थोडी का नाही?

बी खाणारे खूप असतात. उंदीर, पाखरं, मुंग्या, किडे. दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर ते थोडं थोडं सगळंच खाल्लं जाईल. पण सात वर्षं काहीच द्यायचं नाही आणि मग एका वर्षी सगळा डोंगर बियांनी भरून टाकायचा, तर खाणारे खाऊन खाऊन किती खातील? उरलेलं रुजतं. शास्त्रज्ञ याचं मुख्य कारण हेच मानतात. मधमाश्यांच्या बाजूनेही फायदा आहे: आसपासचं प्रत्येक झुडूप फुललेलं असलं की एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत पोचायला अडचण नाही.

बांबूचंही असंच. मिझोरममध्ये एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. तेव्हा बियांवर उंदरांची इतकी पैदास होते की बी संपल्यावर ते शेतात उतरतात. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तिथे दुष्काळ पडला होता. कारवीमुळे असं काही झाल्याचं इथे कोणी सांगत नाही, त्यामुळे घाबरू नका.

फुलून झाल्यावर ती मरते हे खरं का?

खरं. आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. आपल्या ओळखीची केळ आठवा. घड काढला की ते खोड संपलं. केळीला बाजूने पिल्लं येतात, कारवीचं पुढचं सगळं बियांवर. म्हणूनच फुलं गेल्यावरचं वर्ष माझ्या मते फुलांच्या वर्षापेक्षा नाजूक असतं. त्याबद्दल खाली येईनच.

फोटोत दिसते तीच का नीलकुरिंजी?

नाही. नीलकुरिंजी ही तिची बहीण, केरळ-तामिळनाडूच्या उंच गवताळ डोंगरांवरची. बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला २००६ आणि २०१८ मध्ये फुलली होती. तिची झुडपं कारवीपेक्षा बुटकी असतात. गोव्यातल्या कारवीच्या फोटोखाली 'बारा वर्षांनी एकदा फुलणारी' असं लिहिलेलं दिसलं तर तो मजकूर मुन्नारहून उचललेला आहे असं समजा.

बहिणी आणखीही आहेत. कासच्या पठारावर टोपली उपडी घातल्यासारखी दिसणारी टोपली कारवी, महाबळेश्वराकडची वायटी, शिवाय 'आकरा' नावाची एक. सगळ्यांचे हिशोब वेगवेगळे. आणि करवंदाशी हिचा काहीच संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण गेल्या वेळी एक बाई टोपली घेऊन आल्या होत्या.

गोव्यात कुठे पाहायला मिळेल?

किनाऱ्यावर नाही. पूर्वेकडे, सह्याद्रीच्या अंगाला यावं लागेल. सत्तरीत चोर्ला घाटाचे उतार, म्हादई अभयारण्यातले डोंगर, आणि दक्षिणेकडे मोलेच्या भगवान महावीर अभयारण्याचा परिसर. सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, शोधू नका. तिला उतार लागतो, आणि उतारावर धरून ठेवायला थोडी माती.

साखळीहून केरीमार्गे बेळगावला जाणारा रस्ता चोर्ला घाटातून जातो. रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं. पण वळणं अवघड आहेत, सप्टेंबरमध्ये धुकं उतरतं, आणि मालवाहू ट्रक फुलं बघायला थांबत नाहीत. वळणावर गाडी लावून सेल्फी काढणाऱ्यांना पाहिलं की पोटात गोळा येतो. जागा रुंद असेल तिथेच थांबा.

अभयारण्याच्या हद्दीत आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागते. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याची हद्द कुठे सुरू होते हे झाडावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे आधी विचारून घ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी. परफ्यूम नको. मधमाश्या तिथे कामावर असतात.

नेमकं कधी यावं?

फुलायचं वर्ष असेल तर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. माझं मत विचाराल तर चवथ होऊन गेल्यावर, पाऊस जरा उघडीप देतो तेव्हा. सकाळी नऊच्या आत. त्या वेळेला डोंगर दिसायच्या आधी ऐकू येतो. लांबून कुठेतरी मोटार चालू असल्यासारखा गुंगाट असतो, आणि जवळ गेल्यावर कळतं की त्या सातेरी आणि आग्या माश्या आहेत, मध्येच भुंग्यांचा जाड सूर. फुलं जांभळट निळी, घंटेसारखी, क्वचित एखादं झुडूप पांढऱ्या फुलांचं. पायाखाली गळलेल्या फुलांचा थर असतो. त्यावरून चालताना पाय घसरतो, जपून.

तुऱ्यांवरची बारीक लव चिकट असते. कारवीतून वाट काढत बाहेर आलात की हातांना, केसांना, सदऱ्याला एक उग्र, गोडसर वास चिकटतो. दोन धुण्यांनी जातो. आमच्या घरी त्या दिवसांत मी कुठे जाऊन आले हे सांगावं लागत नाही.

फुलं माटोळीला बांधतात का?

माटोळी ही मुख्यतः फळांची. नारळ, सुपारीचे कात्रे, तोरिंगां, कवंडळं, कांगलां, घागऱ्यो, माट्टी. गणपती विसर्जन होईपर्यंत टिकेल असं काहीतरी. कारवीचं फूल तोडल्यावर दुपारपर्यंतही धड राहत नाही, मान टाकतं. देवाला मलूल फूल वाहायचं कशाला? डोंगरावर राहू दे. शोभा हवी तर शेरवड आहे की, तिचं पांढरं पान दिवसभर तरी टिकतं.

कारवीचा मध खरंच मिळतो का?

मिळतो, फुलोऱ्याच्या वर्षी. रंगाने गडद आणि दाट. महाबळेश्वराकडे वायटीचा आणि कारवीचा मध प्रसिद्ध आहे. वेगवेगळे डोंगर वेगवेगळ्या वर्षी फुलतात, त्यामुळे सह्याद्रीत कुठे ना कुठे थोडाफार मध जवळजवळ दरवर्षी निघू शकतो. पण 'कारवी हनी' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या बाराही महिने, पाहिजे तेवढ्या, फळीवर रचलेल्या दिसल्या तर विकणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या डोंगरावरचा, कुठल्या वर्षीचा? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात राहू द्या.

पूर्वी कारवीच्या भिंती असत म्हणतात. त्या कशा करायच्या?

हा प्रश्न मला आवडतो, कारण आमच्या जुन्या घराची मागची पडवी तशीच होती.

कारवीच्या काठ्या पानं झोडून सरळ करून घ्यायच्या आणि एकमेकींना चिकटून जमिनीत उभ्या रोवायच्या. मग आडव्या बांबूच्या चिपा, एक आतून एक बाहेरून, आणि मध्ये काठ्या करकचून बांधायच्या. बांधायला वेल किंवा कुंब्याच्या सालीचा दोर. याला कूड म्हणतात. कूड उभा राहिला की तांबडी माती, शेण आणि बारीक तोडलेला पेंढा एकत्र पायांनी तुडवायचा आणि दोन्ही बाजूंनी थापायचा. पहिला हात वाळला की भेगा पडतात, त्या भरत दुसरा हात. वर शेणाचं सारवण. पावसाळ्याआधी बाहेरच्या बाजूला चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झडप लावायची, नाहीतर झडीने खालची माती धुऊन जाते.

आमच्या पडवीची माती एका कोपऱ्यात ढासळली होती आणि आत काठ्या दिसायच्या, गुळगुळीत, तपकिरी, बोटाएवढ्या. त्या फटीतून पलीकडच्या खोलीतल्या कंदिलाच्या उभ्या रेघा माझ्या अंथरुणावर पडायच्या. आजी दरवर्षी म्हणायची, लिंपून घेऊया, आणि मी दरवर्षी म्हणायची, राहू दे.

अशी भिंत उन्हाळ्यात गार राहते. वाळवी लागली की तेवढ्या काठ्या बदलायच्या. ठाण्या-पालघरकडच्या वारली लोकांची घरंही अशीच, कारवीच्या कुडाची. शेणामातीने लिंपलेल्या ज्या भिंतींवर त्यांची पांढरी चित्रं काढली गेली, त्यांच्या आत कारवी असे. इकडे सत्तरीत गुरांचे गोठे, न्हाणीचा आडोसा, आणि पावसाळी मळ्यांत दोडकी-पडवळ-काकडी चढवायला मांडव, सगळ्याला कारवी. आता चिरा आणि सिमेंट. मांडवाला मात्र अजून तीच लागते, कारण बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या काठ्यांवरून काकडीचा वेल घसरतो.

ती औषधी आहे का? काढा करून प्यावा का?

सूज उतरवायला पाला वापरण्याची डोंगरातल्या लोकांची पद्धत आहे. पण पानं खाण्यालायक नाहीत, विषारी मानतात. काढा करू नका. मुंबईच्या जंगलात केसाळ शंखाची एक गोगलगाय पावसाळाभर तीच पानं खाते. पण ती गोगलगाय आहे.

आमच्या बंगल्याच्या बागेत लावता येईल का?

आसगावच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं की रोपं किती दिवसांत फुलतील. मी आठ वर्षं म्हटल्यावर ते म्हणाले, खत जास्त घातलं तर?

बी रुजवून रोप येतं. पण सात वर्षं तुमच्या बागेत खरखरीत पानांचं एक दाट झुडूप असेल, उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काठ्या उरतील, आणि फुलल्यावर ते मरेल. शिवाय चार झुडपांनी तो परिणाम येत नाही. जंगलातून रोप उपटून नेण्याचा विचार असेल तर तो सोडाच. अभयारण्यातून काहीही उपटणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बागेला अबोली बरी. तीही कारवीच्याच कुळातली, आणि खत घातलं तर ऐकते.

डोंगरावर तिचा उपयोग काय? फुलं सोडली तर?

सगळा उपयोग फुलं सोडूनच आहे. सत्तरीत पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, घाटमाथ्याजवळ त्याहून जास्त. तो सरळ उतारावर आदळला तर माती खाली नदीत जाते. कारवी दाट उभी असते, पानांवर पावसाचा मार झेलते, आणि खाली मुळांचं जाळं माती धरून ठेवतं. गवे दुपारी तिच्या आडोशाला बसतात. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान वाटणारं ते मोठं निळं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या सुरवंटांना कारवीचा पाला चालतो. म्हणजे ज्या सात वर्षांत 'काही नाही' म्हणून आपण बघत नाही, त्याच सात वर्षांत ती कामाला असते.

आमच्या काजूच्या बागायतीत कारवी माजली आहे. साफ करावी का?

बागायत तुमची आहे, काजूखाली झाडोरा ठेवला तर बोंडू वेचता येत नाहीत हे मला कळतं. माझं सांगणं एवढंच की वर्ष पाहून तोडा. आमच्या घरची रीत होती, फुलून, बी पडून, वाळलेलीच काठी आणायची. मेलेलीच ती, तोडल्याने डोंगराचं काही जात नाही. हिरवी तोडावीच लागली तर बांधाच्या वरचा चढ तरी सोडा.

चुकते कुठे ते सांगते. आमच्या शेजारच्या एका उतारावर कारवी फुलली. फुलोरा असताना मालकाने माणसं बोलावून कौतुकाने दाखवला, चहापाणी केलं. मग जानेवारीत झुडपं वाळायला लागली. मालकाला वाटलं, आता मेलीच आहेत, काजूचा हंगाम तोंडावर आहे, साफ करून टाकू. फेब्रुवारीत तोडून ढीग घातले आणि पेटवले. त्या वाळक्या तुऱ्यांत सगळं बी होतं, पावसाची वाट बघत. आठ वर्षांचं बी एका दुपारी गेलं. तो माणूस वाईट नव्हता. वाळकं म्हणजे संपलं, असा त्याचा समज. आज त्या उतारावर रानमोडी आहे, अमेरिका खंडातून आलेली, आणि मोठा पाऊस झाला की खालच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) लाल पाणी उतरतं.

म्हणून फुललेल्या वर्षानंतर जूनचा जोरदार पाऊस पडून बी मातीत जाईपर्यंत विळा-कोयता बाजूला ठेवा. एवढं पाळलं तर बाकीची सात वर्षं तुम्ही वाटेपुरती छाटलीत तरी मी तक्रार करणार नाही.

वणव्याने नुकसान होतं का?

होतं, आणि वाईट वेळी होतं. मेलेल्या कारवीचा डोंगर म्हणजे रचून ठेवलेलं जळण. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि गोव्यात इतरत्र बरेच दिवस वणवे पेटत राहिले होते. ते विझवायला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावं लागलं होतं. अशी आग बी झाडावर असलेल्या उतारात शिरली तर आठ वर्षांचा हिशोब संपला. तेव्हा त्या उन्हाळ्यात घाटातून जाताना बिडी-सिगारेटचं थोटूक काचेबाहेर टाकू नका, आणि काजूचा पाला पेटवायचा असेल तर वाऱ्याच्या दिवशी नको.

आम्ही फुलांना मुकलो. आता आठ वर्षं थांबायचं?

मुळीच नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःला फुलांपेक्षा पुढच्या जूनची सकाळ आवडते, आणि तेव्हा घाटात चिटपाखरू नसतं.

उन्हाळाभर ते तुरे काठ्यांवर तसेच असतात, तपकिरी, खडखडीत. आत बोंडं. पहिल्या पावसाने ती भिजतात, आणि भिजलं की तडकतात. बोंडाच्या आत बियांखाली बारीक आकडे असतात. बोंड उकललं की ते बी गोफणीसारखं लांब फेकतात. एक बोंड फुटलं तर काहीच नाही, बोट मोडल्याएवढा आवाज. पण तुम्ही अख्ख्या डोंगराच्या मध्ये उभे असता. आधी डावीकडे कुठेतरी टक्, मग मागे दोनदा, मग सगळीकडून, कढईत लाह्या टाकल्यासारखं. पहिल्यांदा मी तिथे छत्री घेऊन उभी होते तेव्हा वाटलं, छत्रीवर गारा पडताहेत. खाली पाहिलं तर कापडावरून चपट्या बिया घरंगळत होत्या.

तारीख विचारू नका. वळवाच्या एखाद्या सरीने थोडी फुटतात, पण खरा आवाज मान्सूनच्या पहिल्या जोरदार पावसाबरोबर. ज्या वर्षी डोंगर फुलला त्याच्या पुढच्या जूनमध्ये, केरीला पावसाने रात्रभर झोडपलं असं कळलं की पहाटेच निघा. चहा आमच्याकडे.